पायावरच्या शिरा: मोजे घालू, इंजेक्शन घेऊ की लेसर करू?

गेल्या अंकात पायदुखीच्या एका पत्राला उत्तर देताना मी पायावर फुगणाऱ्या शिरांचा ओझरता उल्लेख केला होता, आणि या महिन्यात पत्रं आली ती बहुतेक सगळी त्याचीच. नवल नाही खरं तर. इचलकरंजीतले मागवाले, शिरोलीच्या फौंड्रीतली माणसं, कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या दुकानांतून दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली, शाळेतल्या बाई, हॉटेलात कढईपुढे उभे राहणारे, आपल्याकडं उभ्यानं पोट भरणारी माणसं लई. म्हणून यावेळी सगळा कॉलम याच विषयाला दिलाय. नावं छापू नका असं सगळ्यांनीच कळवलंय, त्यामुळं फक्त गावं देतेय.

प्रश्न: मॅडम, मी शिक्षिका आहे, वय ३८, दोन मुलं. दोन्ही मांड्यांवर आणि गुडघ्याच्या मागे बारीक लाल-निळ्या शिरांची जाळी दिसायला लागलीय. दुखत नाही पण बघवत नाही. एका ब्युटी क्लिनिकनं लेसरची सहा सिटिंग्ज सांगितलीत, पैसेही आधीच भरायला सांगतायत. करू का? हे पुढं वाढून व्हेरिकोज होतं का? (राजारामपुरी)

ताई, पैसे आत्ता भरू नका, आधी हे वाचा. तुम्ही लिहिलंय त्यावरून ह्या स्पायडर व्हेन्स वाटतायत, म्हणजे कातडीच्या अगदी वरच्या थरातल्या, १ मिलिमीटरपेक्षाही बारीक शिरा. त्याहून थोड्या जाड, निळसर, १ ते ३ मिलिमीटरच्या असतात त्यांना रेटिक्युलर म्हणतात, आणि उभं राहिल्यावर ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फुगणाऱ्या, हाताला लागणाऱ्या त्या व्हेरिकोज. नुसत्या स्पायडर व्हेन्सनं जिवाला धोका नाही, त्या फुटून जखम वगैरे सहसा होत नाही, आणि त्याच वाढून जाड होतात असंही नाही. पण काही जणींत त्या जाळीच्या मागं आतली मोठी शीर गळत असते, म्हणजे तिच्यातलं रक्त वर जायचं सोडून उलटं खाली येत असतं, आणि हे वरून बघून कळत नाही. पाय संध्याकाळी जड होत असतील, घोट्याला सूज येत असेल, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ रात्रीपर्यंत राहत असेल किंवा जाळी घोट्याच्या आतल्या बाजूला दाट असेल तर आधी उभं राहून डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. तो नॉर्मल आला तर मग हा फक्त दिसण्याचा प्रश्न, आणि दिसण्यासाठी उपचार घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, तुम्हाला खुपतंय एवढं कारण पुरेसं आहे.

पायावरच्या बारीक शिरांसाठी पहिला उपचार लेसर नव्हे, इंजेक्शन. स्क्लेरोथेरपी म्हणतात. केसासारख्या बारीक सुईनं पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध शिरेत सोडतात, शिरेचं आतलं अस्तर चिकटतं, शीर बंद पडते आणि शरीर ती हळूहळू शोषून घेतं. भूल लागत नाही, अर्ध्या तासात घरी. एका बैठकीत सगळं जात नाही, काही आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीन बैठका धरून चाला, आणि पहिल्या आठवड्यात पाय आधीपेक्षा वाईट दिसतो, त्याला घाबरू नका. आपल्या सावळ्या कातडीवर शिरेच्या रेषेत तपकिरी डाग पडू शकतो, बहुतेकांचा काही महिन्यांत फिका होतो, क्वचित वर्ष लागतं. काहींना त्याच जागी आणखी बारीक लाल जाळी उठते. हे दोन्ही तुम्हाला आधी सांगायला हवं, सांगत नसतील तर तिथून उठा. वरून मारायचं लेसर सुईनं न सापडणाऱ्या शिरांसाठी ठेवतात, आणि सावळ्या कातडीला चुकीच्या मशीननं चटका बसून पांढरे-काळे चट्टे राहतात, त्यामुळं कुठलं मशीन आणि चालवणार कोण हे विचारल्याशिवाय पाय पुढं करू नका.

प्रश्न: मॅडम, मी मागावर हाय, वय ४६. १२ तासाची पाळी, बसायला मिळत न्हाई. डाव्या पायाला मांडीपासनं खाली जाडजूड वाकड्यातिकड्या शिरा आल्यात, दहा-बारा वर्षं झाली आसतील. आता घोट्याच्या वरची कातडी काळी पडलीया आन लई खाज सुटती. मेडिकलातनं नायट्याचं मलम आणून लावलं, फरक न्हाई. एका डॉक्टरनी लेसर सांगितलं, दुसऱ्यानी चिरफाड करून शीर काढूया म्हणले, तिसरे म्हणले मोजे घाल. कुणाचं खरं धरायचं? पैशाचंबी बघाय पाहिजे. (इचलकरंजी)

दादा, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचायला हवं होतं असं वाटलं, कारण तुम्हाला खरंच घाई आहे. ते मलम आजच बंद करा. हा नायटा नाही. पायातलं रक्त वर चढवायला शिरांमध्ये झडपा असतात, चालताना पोटरी आवळली की रक्त वर जातं आणि झडप मिटते म्हणून परत खाली येत नाही. तुमच्या पायात ती झडप मिटेनाशी झालीय. उभं राहिलं की वरचं रक्त सुरुंग लागल्यागत खाली घोट्यापर्यंत येतं, तिथं दाब वाढतो, रक्तातल्या तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साठतं आणि कातडी काळपट होते, खाज सुटते, पुढं ती कडक होते. आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे न भरणारी जखम. नखानं खाजवून तिथं एकदा का ओरखडा उठला की तो महिनोन्‌महिने बरा होत नाही. तुम्ही त्या पायरीच्या आधी आहात, म्हणून आत्ता हललं पाहिजे.

तीन डॉक्टरांनी तीन सांगितलं म्हणजे कुणीतरी फसवतंय असं लगेच धरू नका, पण माझा पहिला प्रश्न असा की तिघांपैकी एकानं तरी तुम्हाला उभं करून डॉप्लर केलं का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. ही पायाची सोनोग्राफीच, फक्त पेशंट उभा लागतो. तुम्ही सगळं वजन दुसऱ्या पायावर टाकून उभं राहायचं, डॉक्टर जांघेत गार जेल लावून प्रोब टेकवतात आणि दुसऱ्या हातानं पोटरी दाबतात. दाबल्यावर पडद्यावर एक रंग वर जाताना दिसतो, हात सोडला की चांगल्या शिरेत तो तिथंच थांबतो, गळक्या शिरेत दुसरा रंग खाली येताना दिसतो, आणि तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ खाली येत राहिला तर ती शीर नादुरुस्त. झोपवून केलेल्या डॉप्लरवर हे नीट कळत नाही. यातून तीन गोष्टी समजतात, गळती जांघेपासून सुरू होते की गुडघ्याच्या मागून की आणखी कुठून, शीर किती जाड आणि किती सरळ आहे, आणि आतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत का. शेवटचं फार महत्त्वाचं. पायातलं साधारण ९०% रक्त खोल शिरांतून वर जातं, म्हणूनच वरची खराब शीर बंद केली तरी पायाचं काही अडत नाही, पण खोल शीरच जुन्या गुठळीनं बंद असेल तर हिशेब बदलतो.

तुम्हाला पोटरीवर दिसते ती शीर आणि गळते ती शीर बहुतेक वेळा वेगळी असते. वर पाटाचं दार गळत असताना उसातलं पाणी उपसत बसून काय उपयोग, तसंच आहे हे. कुणी नुसत्या दिसणाऱ्या गाठोड्या काढून देतो म्हणालं तर तेवढ्यावर ऐकू नका.

आता उपाय. जांघेपासून घोट्याकडं येणारी मोठी शीर, तिला ग्रेट सॅफेनस म्हणतात, ती गळत असेल तर आज पहिली पसंती आतून शेकून बंद करण्याला आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत क्रमच लावून दिलाय: आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोमचं इंजेक्शन, म्हणजे शीर बंद करायचं औषध फेसाळून शिरेत सोडणं, तेही जमत नसेल तर ऑपरेशन, आणि नुसते पाय आवळून धरणारे दाबाचे मोजे फक्त ज्यांना यातलं काहीच करता येत नाही त्यांना. लेसर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीत पेशंटच्या दृष्टीनं फार फरक नाही. गुडघ्याजवळ सुईएवढ्या छिद्रातून तार आत घालतात, सोनोग्राफीवर बघत जांघेपर्यंत नेतात, शिरेभोवती सलाइनमध्ये पातळ केलेलं भुलीचं औषध भरतात म्हणजे चटका आजूबाजूला बसत नाही, आणि तार मागं ओढत शीर आतून शेकत आणतात. रेडिओफ्रिक्वेन्सीची तार १२० अंशापर्यंत तापते. लेसरमध्ये १४७० नॅनोमीटरचं नवं मशीन असेल तर जुन्यापेक्षा ठणका आणि काळंनिळं होणं कमी. त्याच दिवशी तुम्ही चालत घरी जाता, चालायलाच लावतात. वाकड्यातिकड्या गाठी राहतात त्या बारीक छिद्रांतून हुकनं ओढून काढतात किंवा फोमनं बुजवतात, कारण त्यातून तार जात नाही.

चिरफाड म्हणजे स्ट्रिपिंग. ते डॉक्टर चुकीचं सांगतायत असं मी म्हणणार नाही, पिढ्यान्‌पिढ्या ह्याच ऑपरेशननं लोक बरे झालेत, आणि शीर फारच जाड, नागमोडी असेल तर आजही ते करावं लागतं. फक्त कमरेत भूल, जांघेत टाके, जास्त दुखणं आणि कामावर जायला जास्त दिवस. ग्लू नावाचा प्रकारही ऐकाल, शिरेत डिंक भरून ती चिकटवतात, भुलीच्या फार सुया नाहीत आणि चटका नाही, पण महाग आहे, आणि काहींना शिरेवरून लाल सूज येऊन खाजतं. मागावरच्या माणसानं त्यासाठी कर्ज काढावं असं मला वाटत नाही. धोके सगळ्यातच थोडे आहेत, काळंनिळं होणं, कातडी काही आठवडे बधिर राहणं, आणि क्वचित खोल शिरेत गुठळी. म्हणून उपचारानंतर झोपून राहायचं नाही, चालायचं.

पैशाचं म्हणाल तर खासगीत तारीख घेण्याआधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला सरळ विचारा की माझ्या ह्या दुखण्याला कुठलं पॅकेज बसतंय आणि लेसर बसत नसेल तर ऑपरेशन बसतंय का. योजनेत स्ट्रिपिंग मिळत असेल आणि लेसरला पैसे नसतील तर स्ट्रिपिंग करून घ्या, काही न करता घोटा फुटायची वाट बघण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. तोपर्यंत खोबरेल तेल लावून कातडी मऊ ठेवा, मागापुढं उभं असताना दर थोड्या वेळानं टाचा उचलत राहा, आणि जेवणाच्या सुट्टीत सूताच्या पोत्यावर पाय ठेवून दहा मिनिटं आडवे व्हा. मालक काही म्हणाला तर हे पत्र दाखवा.

प्रश्न: माझी आई ६३ वर्षांची, शुगर आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला दोन वर्षं जखम आहे, दिवसाआड ड्रेसिंग, कितीतरी अँटिबायोटिक झाले. पायावर शिरा आहेत पण शुगर असल्यामुळं त्याला हात लावता येणार नाही असं सांगितलं. नातेवाइक म्हणतात घट्ट पट्टी बांध. बांधू का? (कागल)

ताई, थांबा, पट्टी घरच्या घरी बांधू नका. शिरेच्या जखमेवर घट्ट पट्टी हाच मुख्य उपचार आहे हे खरं, चार थरांची पट्टी नीट दाबानं बांधली तर अशा जखमा भरतात. पण शुगरच्या माणसात पायाकडं रक्त आणणाऱ्या धमन्याही अरुंद झालेल्या असू शकतात, आणि तशा पायाला घट्ट आवळलं तर बोटं काळी पडतील. म्हणून आधी पायाचं आणि हाताचं बीपी मोजून त्याचं गुणोत्तर काढतात, एबीपीआय. ते साधारण ०.८ च्या वर असेल तर ठीक, त्याच्या खाली जपून, ०.५ च्या खाली असेल तर पट्टी नाहीच, आधी धमनीच्या डॉक्टरांकडे. शुगरवाल्यांच्या धमन्या कडक झाल्यानं हा आकडा खोटाच चांगला येतो कधीकधी, त्यामुळं बोटातलं प्रेशर किंवा धमनीचा डॉप्लरही बघायला सांगा.

आणि शुगर आहे म्हणून शिरेला हात लावायचा नाही, हे मला पटत नाही. शुगर आटोक्यात आणून, धमन्या तपासून, हे लेसर किंवा फोम भुलीच्या इंजेक्शनवर करता येतं. ब्रिटनमध्ये ४५० पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, अशाच जखमांचा. पट्टी दोन्ही गटांना होती, फरक इतकाच की एका गटाची गळकी शीर लगेच बंद केली आणि दुसऱ्याची नंतर. लगेच केलेल्यांत निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, दुसऱ्या गटाला त्यालाच ८२ दिवस लागले. तुमच्या आईनं दोन वर्षं काढलीत, नुसती ड्रेसिंगं बदलत. जखमेतून वास, ताप, आजूबाजूला पसरणारी लाली असेल तरच अँटिबायोटिक, एरवी त्याचा उपयोग नाही. आणि इतकी जुनी जखम असेल, कडा उंच आणि कडक झाल्या असतील, तर एक छोटा तुकडा काढून तपासायला सांगा, क्वचित अशा जखमेत कॅन्सर होतो. हे लिहायला मला बरं वाटत नाही पण तुमच्यापासून लपवणं त्याहून वाईट. दरम्यान आईला दिवसातून तीन-चारदा झोपवून पाय छातीपेक्षा वर ठेवा. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवणं पुरत नाही. झोपवल्यावर पाय वर केला की दुखणं उलट वाढत असेल तर मात्र ते धमनीचं लक्षण, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, तालमीत जातो. हातावर, पोटरीवर शिरा टरारून दिसतात. बैठका बंद करायला सांगू का? (गंगावेश)

काका, नका सांगू. चरबी कमी आणि स्नायू भरलेले असले की शिरा उठून दिसणारच, पैलवानाच्या हातावर दिसल्या नाहीत तरच नवल. ह्या शिरा सरळ असतात. वाकड्या, जागोजागी पिशव्या आलेल्या, उभं राहिल्यावर फुगणाऱ्या असल्या तर दाखवा. आणि एकाच पायाला असतील, तो पाय दुसऱ्याहून लांब किंवा जाड असेल, त्यावर जन्मापासूनचा लालसर डाग असेल, तर लवकर दाखवा, तो वेगळा जन्मजात प्रकार असतो आणि तिथं कुणाकडूनही शीर काढून घ्यायची नाही.

प्रश्न: सातवा महिना चालू आहे. उजव्या पायाला आणि खाली जागेवरपण शिरा फुगल्यात, लाजेनं कुणाला बोलले नाही. बाळाला काही होईल का? इंजेक्शन घेऊन टाकू का? (गडहिंग्लज)

नाही गं, बाळाला यानं काही होत नाही, आणि लाजण्यासारखं तर काहीच नाही, तिथं शिरा फुगणाऱ्या खूप जणी असतात. अंगात रक्त वाढलेलं असतं, हार्मोन्सनी शिरा सैल होतात आणि वरून गर्भाशयाचा दाब. इंजेक्शन, लेसर काहीही आत्ता नको. बाळंत झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत बरंच आपोआप उतरतं, राहील त्याचं दूध पाजून झाल्यावर बघू. आत्ता डाव्या कुशीवर झोप, तुझ्या डॉक्टरांना विचारून मोजे घाल, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घालायचे आणि रात्री काढायचे. एकच लक्षात ठेव, एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी ठणकायला लागली तर ही शीर नव्हे, आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल. दम लागला तर रात्रीचे दोन असले तरी.

प्रश्न: गोळ्या, तेल मालिश, जळवा, यानं शिरा जातात का? ऑपरेशनची भीती वाटते. (लक्ष्मीपुरी, हॉटेल व्यवसाय)

डायॉस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनी जडपणा, सूज, ठणका कमी होतो काही जणांचा, घ्यायला हरकत नाही, पण झडप दुरुस्त होत नाही. हलक्या हातानं तेल लावा, जोरात चोळू नका, आणि शीर कडक, लाल, गरम दोरीसारखी लागत असेल तर अजिबात नाही, तिथं गुठळी असते. जळू फुगलेलं रक्त पिते, पण उभं राहिलात की ते परत भरतं, आणि जळूच्या चाव्यातून जंतू जातात ते वेगळंच. रोज रंकाळा तलावाला एक फेरी मारा आणि वजन उतरवा, यानं पोटरीचा पंप चालतो, त्रास कमी होतो. भट्टीपुढं उभे राहता त्यामुळं उन्हाळ्यात मोजे नकोसे होतील, तरी दुसऱ्या क्लासच्या दाबाचे गुडघ्याखालचे मोजे सकाळी माप घेऊन घ्या आणि सहा महिन्यांनी बदला, सैल झालेला मोजा म्हणजे साधा मोजा.

प्रश्न: वडिलांची शीर आंघोळ करताना फुटली, न्हाणीत रक्ताचं थारोळं, आम्ही वर दोरी आवळली. परत झालं तर? (पन्हाळा तालुका)

दोरी नको, त्यानं रक्त अडकून आणखी येतं. जिथं आहेत तिथं आडवं करा, पाय वर उचला, स्वच्छ कापड घेऊन फुटलेल्या जागेवर बोटांनी दाबून धरा, दहा-पंधरा मिनिटं मध्ये उघडून न बघता. खुर्चीत बसवून ठेवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दाबून धरूनच दवाखान्यात न्या. आणि थांबलं म्हणून विसरू नका, एकदा फुटलेली परत फुटते, त्याच आठवड्यात डॉप्लर.

प्रश्न: सहा वर्षांपूर्वी लेसर केलं, आता परत शिरा आल्यात. पैसे पाण्यात गेले का? (शाहूपुरी)

नाही. बंद केलेली शीर बहुधा बंदच असेल, गळती दुसऱ्या ठिकाणाहून सुरू झालेली असते. आईवडिलांकडून आलेला शिरांचा कमकुवतपणा लेसरनं जात नाही, त्यामुळं कुठल्याही उपचारानंतर काही जणांना नव्यानं येतात. परत उभ्यानं डॉप्लर करा, बहुतेकदा यावेळी फोमच्या एक-दोन इंजेक्शनांत भागतं. जाताना तेव्हाचा डॉप्लरचा कागद आणि डिस्चार्ज कार्ड शोधून बरोबर न्या, कुठली शीर कुठपर्यंत बंद केली होती ते त्यावर लिहिलेलं असतं.